उभ्या गाड्यांचा रस्ता

बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी त्यांना बाहेर चालायची परवानगी मिळाली. रोज वीस मिनिटं, हातात काठी, सोबतीला कुणीतरी. पहिल्या दिवशी सोबतीला मी होतो. घरापासून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. एका बाजूचं अंतर जेमतेम अडीचशे मीटर असेल. त्या रस्त्यावरून मी इतकी वर्षं ये-जा करतोय, की त्याच्याकडे बघणं कधीच सोडून दिलं होतं.

कोपऱ्यापर्यंत पोचेतो आम्ही अकरा वेळा फूटपाथवरून खाली उतरलो आणि अकरा वेळा वर चढलो. कारण प्रत्येक वेळी तेच. पुढे गाडी उभी. कुठे पूर्ण फूटपाथ व्यापून, कुठे दोन चाकं वर आणि दोन खाली, कुठे दुचाक्यांची आडवी रांग. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, असं फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं. बाबा ते पाढ्यासारखं पुटपुटत होते. उतरताना काठी एका हातात आणि दुसरा हात त्याच गाडीच्या बॉनेटवर. जिने वाट अडवली, तिचाच आधार घेऊन ते खाली रस्त्यावर येत. मग तिला वळसा घालून पुन्हा वर. त्या चार-पाच पावलांत मागून येणाऱ्या वाहनांचा आवाज ऐकून त्यांचे खांदे आक्रसायचे. मी रस्त्याच्या बाजूने चालत होतो, पण मी काही भिंत नव्हे.

सातवी गाडी माझी होती.

ती मीच आदल्या रात्री तिथे लावली होती. नेहमीसारखी, दोन चाकं फूटपाथवर चढवून. आणि तसं लावताना मला नेहमी वाटायचं की मी समंजसपणे वागतोय, रस्त्याला अडचण होऊ नये म्हणून गाडी बाजूला घेतोय. बाबा काही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उतरले, पाढा म्हणत, आणि पुढे गेले.

त्या दिवसानंतर मला हा 'रस्ता' शब्द छळू लागला. गाडी लावताना माझ्या मनात 'रस्ता' म्हणजे फक्त डांबर होतं, चालत्या गाड्यांचं. त्याला अडचण नको म्हणून मी जी जागा घेतली, ती रस्त्यात धरलीच नव्हती. जिथून माणसं चालतात तो भाग माझ्या लेखी उरलेली जागा होती. मला वाटतं, शहरांचं जे काही बिघडलं आहे त्यातलं पुष्कळसं याच समजुतीत आहे. आपण वाहतुकीबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे धावणाऱ्या गाड्या येतात. कोंडी, सिग्नल, उड्डाणपूल. पण रस्त्यावरून कोण चालू शकेल हे ठरवतात त्या उभ्या गाड्या.

एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. एखाद्याची राहती खोली एवढी असते. तेवढ्याच जागेत दहाएक सायकली मावतात. आणि खासगी मोटार तिच्या आयुष्यातला बहुतेक वेळ, ढोबळपणे शंभरातले पंच्याण्णव तास, नुसती उभी असते. म्हणजे गाडी ही चालण्याची वस्तू कमी आणि ठेवण्याची वस्तू जास्त आहे. घरातली दुसरी कुठलीही वस्तू आपण सार्वजनिक जागेत ठेवली तर लोक विचारतील. कपाट मावत नाही म्हणून ते मी फूटपाथवर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी उचललं जाईल. कपाटापेक्षा कितीतरी मोठी वस्तू मी वर्षानुवर्षं तिथे ठेवत होतो आणि ती जागा मला आपलीच वाटू लागली होती. कुणी दुसऱ्याने तिथे गाडी लावली तर राग यायचा, इतकी आपली.

ही तक्रार नवी नाही. जगातलं पहिलं पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. ते सुचवणारे कार्ल मॅगी हे वृत्तपत्राचे संपादक होते. शहराच्या मध्यभागी काम करणारी मंडळी सकाळी कडेला गाडी लावायची ती संध्याकाळीच काढायची आणि खरेदीला आलेल्या माणसाला जागाच मिळायची नाही, हा तिथला प्रश्न होता. उपाय साधा होता. तासाला एक छोटं नाणं. जागा तेवढीच राहिली, पण दिवसभर एकाच्याच ताब्यात राहायची ती आता अनेकांच्या वाट्याला येऊ लागली. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मीटर आलं ते गाडीवाल्यांवर सूड उगवायला नव्हे. त्याचा पहिला फायदा गाडीने येणाऱ्यालाच झाला.

पुढे डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी आपली सगळी कारकीर्द या एका विषयाला वाहिली. फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरत असतं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत त्यांनी पाहणी केली. कडेची एक जागा शोधायला सरासरी 3.3 मिनिटं लागत होती आणि तेवढ्यात गाडी सुमारे आठशे मीटर फिरत होती. एकेकाच्या हिशेबात ही क्षुल्लक गोष्ट. पण सगळ्यांचा वर्षाचा हिशेब मांडला तर तो पंधरा लाख किलोमीटरवर गेला, आणि हे फक्त त्या बाजारपेठेतल्या पंधरा गल्ल्यांत. कुठेही न पोचता, नुसतं गोल गोल. आपण ज्याला 'वाहतूक वाढली' म्हणतो त्यातला काही भाग म्हणजे असा घिरट्या घालणारा, थांबायला जागा शोधणारा माणूस असतो. त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं, कडेवर असतं. रस्ता ओलांडणाऱ्यासाठी याहून धोकादायक चालक कोणता?

शूप यांचं सूत्र असं होतं, की पार्किंगचं शुल्क इतकंच असावं की प्रत्येक गल्लीत कायम एखाद-दोन जागा रिकाम्या राहाव्यात. गर्दीच्या वेळी जास्त, इतर वेळी कमी, कुणीच येत नसेल तिथे अगदी नाममात्र. आणि दुसरी गोष्ट, जी मला पहिल्यापेक्षाही मोलाची वाटते: जिथून पैसे मिळाले तिथेच ते खर्च करावेत. लॉस एंजेलिसजवळच्या ओल्ड पॅसाडेना या भागात 1993 साली मीटर बसवताना दुकानदारांचा विरोध होता. मीटरच्या उत्पन्नातून याच भागाचे फूटपाथ, झाडं, दिवे, साफसफाई होईल असं ठरल्यावर तो मावळला. रया गेलेला तो भाग पुढे माणसांनी गजबजला. लोकांना पैसे देण्याचा राग कमी असतो. पैसे कुठे जातात हे न कळण्याचा जास्त असतो.

राहत्या वस्तीचा प्रश्न मात्र मीटरने सुटत नाही. तिथे गाडी तासासाठी येत नाही, मुक्कामाला येते. जपानने याचं उत्तर 1962च्या कायद्याने दिलं. गाडी ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा घरापासून ठरावीक अंतराच्या आत आहे, असा दाखला द्यायचा, मगच गाडीची नोंदणी. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायची सोय नाही. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, कित्येक ठिकाणी वेगळा फूटपाथसुद्धा नाही. तरी त्यातून लहान मुलं एकटी शाळेत जातात. गल्ली मोकळी आहे, गाडी आलीच तर हळू येते आणि सगळ्यांना सगळं दिसतं. फूटपाथ हवाच, पण कधी कधी नुसती मोकळी कडही पुरते, हे मला यातून कळलं.

दिसण्याचा मुद्दा मी जरा लावून धरणार आहे, कारण बाबांबरोबर चालताना तोच सगळ्यात जास्त जाणवला. कोपऱ्यावर, अगदी झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडाशी, उंच गाडी उभी असते. ओलांडणाऱ्याला समोरून येणारं वाहन दिसत नाही म्हणून तो एक पाऊल पुढे टाकतो. चालकाला तो दिसतो ते तेव्हाच. त्याच्या जागी चार वर्षांचं मूल असेल तर बॉनेटच्याही वर त्याचं डोकं येत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते, आणि धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. ताशी 30 वेगाची गाडी त्याच 14 मीटरच्या आत ब्रेक लागून पूर्ण थांबलेली असते. म्हणजे ज्या जागी एक गाडी थांबलेली आहे, त्या जागी दुसरीने अजून ब्रेकही लावलेला नाही. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. कोपऱ्यापासून काही मीटर गाडी लावायची नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो पाळायला लावायचा उत्तम मार्ग म्हणजे दंड नव्हे. कोपऱ्यावरचा फूटपाथच थोडा पुढे आणायचा. मग तिथे गाडी लावायला जागाच उरत नाही, ओलांडायचं अंतर कमी होतं आणि वळणाऱ्या गाडीला आपोआप हळू व्हावं लागतं. एका दगडी कडेत तीन कामं.

कोपऱ्यावर बाबांना रस्ता ओलांडायचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ठरवलं, आज पलीकडे जाऊ. बारा मीटरचं अंतर. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून सिग्नलची वेळ ठरवायची पद्धत अनेक देशांत आहे. त्या हिशेबाने दहा सेकंद पुरतात. बाबांना एकोणीस लागली. मध्यावर असताना हिरवा माणूस लुकलुकू लागला आणि त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला अजून दिसतो. ज्या माणसाने मला सायकल शिकवताना मागून धावत किती फेऱ्या मारल्या असतील, तो माणूस एका दिव्याकडे बघून घाबरला होता. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या लोकांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्यातले बहुसंख्य 1.2 मीटरच्या वेगाने चालू शकत नाहीत असं आढळलं. म्हणजे बाबा अपवाद नव्हते. हिशेबच एका ठरावीक वयाच्या, धडधाकट पायांच्या माणसाचा होता.

रस्ता कुणासाठी आखला आहे हे असं बारीकसारीक गोष्टींतून कळतं. याच्या उलटंही होऊ शकतं. सेइची मियाके या जपानी गृहस्थाने 1965 साली दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांची फरशी तयार केली आणि 1967मध्ये ती पहिल्यांदा ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसली. लांब पट्ट्या असतील तर पुढे चला, गोल ठिपके असतील तर सावध, थांबा. आज ती पिवळी फरशी जगभर दिसते. आमच्या रस्त्यावरही थोड्या अंतरात आहे. तिच्या बरोबर मधे दुचाक्या लावलेल्या असतात. ज्याला ती पायाने वाचायची आहे त्याच्यासाठी त्या पट्टीवरची गाडी ही नुसती अडचण नसते. पट्टीने 'पुढे चला' म्हणून भरवसा दिलेला असतो आणि तो तिथे मोडतो.

सायकलीबद्दल बोलताना लोक लगेच नेदरलँड्सचं नाव घेतात आणि 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही, कारण इतिहास तसा नाही. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. एका पत्रकाराची लहान मुलगी शाळेत जाताना गाडीखाली गेली होती. त्याने लेख लिहिला, 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप, मुलं, शिक्षक रस्त्यावर बसले. पाठोपाठ तेलाचं संकट आलं. आज ज्याला आपण त्यांची संस्कृती म्हणतो ती या रागातून आणि दुःखातून, माणसांनी मागून मिळवलेली आहे. 1977मध्ये ग्रोनिंगन शहराने आपल्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येणार नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन परत आत यायचं. सायकलने आणि पायी मात्र सरळ. कुणालाही बंदी नाही. फक्त जवळचा रस्ता कुणाला द्यायचा, हे ठरवलं. मला ही कल्पना फार आवडते. उपदेशाचा एक शब्द न बोलता तिने माणसाला सायकलवर बसवलं.

स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये तर सायकलची सवय जवळजवळ संपली होती. तिथे काही थोड्या वर्षांत सायकल मार्गांचं सलग जाळं उभं राहिलं, सुरुवातीलाच 80 किलोमीटरचं, आणि त्यासाठी गाड्या उभ्या करायच्या हजारो जागा काढल्या गेल्या. यात 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. मधेच सुटलेला सायकल मार्ग म्हणजे मधेच तुटलेला पूल. पाचशे मीटर रंगवलेली पट्टी आणि मग धावत्या ट्रकांचा चौक, अशा ठिकाणी माझ्या मुलीला मी पाठवणार नाही, आणि कुठलाच पालक पाठवणार नाही. नुसता रंग पुरत नाही. पट्टी कडेला उभ्या गाड्यांच्या बाहेरून काढली की उघडणाऱ्या दाराची भीती वेगळीच. पट्टी फूटपाथला लागून घ्यावी, गाड्या तिच्या पलीकडे लावाव्यात आणि मधे दार उघडण्यापुरती मोकळी जागा सोडावी. उभ्या गाड्याच मग सायकलवाल्याची भिंत होतात. त्यांचा असा उपयोग होताना बघून मला बरं वाटतं.

'गाड्या आल्या नाहीत तर धंदा कसा चालायचा?' हा प्रश्न खोटा नाही. दुकान चालवणाऱ्याचं पोट त्यावर असतं. कोपनहेगनमध्ये नोव्हेंबर 1962मध्ये स्ट्रॉयट हा मुख्य बाजाररस्ता प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनाही हीच धास्ती होती. त्या थंडीत रस्त्यावर रमतगमत फिरायची डेन्मार्कच्या लोकांना सवयच नाही, असंही बोललं गेलं. माणसं आली, थांबली, बसू लागली. यान गेल या वास्तुविशारदाने पुढे अनेक वर्षं तिथे उभं राहून माणसं मोजली: किती चालतात, किती थांबतात, कुठे बसतात. तोवर शहरं फक्त गाड्या मोजत होती. आणि त्या शहराने मध्यभागातल्या पार्किंगच्या जागा एकदम काढल्या नाहीत. दरवर्षी थोड्या थोड्या कमी केल्या, की कुणाला धक्का बसू नये. स्पेनमधल्याच पाँतेवेद्राने मात्र झपाट्याने काम केलं. मिगेल आंशो फर्नांदेस लोरेस 1999 साली तिथले महापौर झाले आणि जुना गाव जवळपास लगेचच चालणाऱ्यांचा झाला. पुढे त्या शहराने मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढला. त्यात स्थानकं नाहीत, शहरातल्या जागा आहेत, आणि दोन जागांमधे पायी किती मिनिटं लागतात ते लिहिलंय.

हळूहळू की झपाट्याने? मी झपाट्याच्या बाजूने झुकतो, पण एका अटीवर. फूटपाथवरची गाडी उद्यापासून बंद, यात वाटाघाट नको, कारण ती जागा मुळात गाडीची नव्हतीच. कोलंबियाची राजधानी बोगोटाचे तेव्हाचे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस फूटपाथवरच्या गाड्या हटवून खांब रोवले, तेव्हा त्यांना पदावरून काढायची मोहीम निघाली होती. खांब टिकले. डांबरावरच्या पार्किंगचं मात्र सबुरीने घ्यावं, आधी पर्याय द्यावा. ज्यांना गाडीशिवाय चालणारच नाही अशांची जागा दाराजवळ राखून ठेवावी. रुग्णालयातून बाबांना मी गाडीनेच घरी आणलं, हे मी विसरलेलो नाही. त्या दिवशी दारासमोर एक रिकामी जागा हवी होती आणि ती मिळाली नव्हती. सगळीकडे दिवसचे दिवस उभ्या असलेल्या गाड्या होत्या, त्यांतली एक माझ्या शेजाऱ्याची, जो महिनाभर परगावी होता.

माझी गाडी आता भाड्याच्या जागेत असते, घरापासून सात-आठ मिनिटांवर. भाडं खुपतं. पहिले काही दिवस ते अंतरही खुपलं. पण गाडी दाराशी नाही म्हटल्यावर जवळच्या कामांना मी चालत जाऊ लागलो. ठरवून नाही, गाडीपर्यंत जाण्याचा कंटाळा म्हणून. शेजारच्या दोन घरांशी बोललो. एकाने ऐकून घेतलं आणि गाडी हलवली. दुसऱ्याने ऐकून घेतलं. कोपऱ्यावर फूटपाथ पुढे आणावा आणि सिग्नलची वेळ वाढवावी असा अर्ज केला आहे. सोबत एकोणीस सेकंदांचा हिशेब जोडला, खाली आमच्या गल्लीतल्या सतरा जणांच्या सह्या आहेत.

माझी आणि त्या शेजाऱ्याची, दोन्ही गाड्या हलल्यानंतरच्या सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. पहिली गाडी, उतरले, चढले. दुसरी. सहाव्या गाडीनंतर बाबांनी सवयीने डावा हात पुढे केला, बॉनेटसाठी. तिथे बॉनेट नव्हतं. हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पुढची सात पावलं पाढा न म्हणता चालले.

"नऊ झाले," कोपऱ्यावर पोचल्यावर ते म्हणाले. तेही मोजत होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.